बाईंचं घर, पाच म्हातारी माणसं आणि अकरा महिन्यांचा करार

हे प्रकरण साताऱ्यातलं आहे, पाच रिटायर माणसांनी त्यातल्याच एका बाईंच्या घरात एकत्र राहून बघितलं त्याचं. नावं कुणाचीच देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील थोडे हलवलेत, पण पैशाचे आकडे आणि भांडणं जशी झाली तशी. मी स्वतः पण यात आहे. बाईंनी मला चौथीत शिकवलं, आता मी रिटर्न भरायचं आणि पेन्शनरांच्या कागदपत्रांचं काम करतो, त्यामुळे या घराचा हिशोब पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता आणि यातली सगळ्यात महाग पडलेली चूक पण माझीच, ती पुढे येईल.

पार्श्वभूमी

बाई १९५६ च्या, पाटण तालुक्यातल्या. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या, शाळेच्या भिंती पडल्या आणि पुढचे कितीतरी महिने वर्ग झाडाखाली नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये भरला. पाहुण्यांना सांगताना त्या म्हणतात की मास्तरीण झाले ती त्या शेडमुळे. मला मात्र एकदा सरळ सांगितलं की घरात आम्ही तीन बहिणी आणि डी.एड. केलं की नोकरी लागायची, बाकी काही नाही. १९७६ ला जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या.

आता ही सगळी कल्पना आली कुठून ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिसेंबर १९७७ मध्ये राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप सुरू झाला, तो ५४ दिवस चालला. नव्याने नोकरीला लागलेल्या चार मुली तेव्हा मेढ्यात एका खोलीत भाड्याने राहायच्या. पगार बंद, घरून कुणी नाचणी आणली कुणी तांदूळ, एक स्टोव्ह, रॉकेल रेशनवरचं, आणि घरमालकिणीने दोन महिने भाडं मागितलं नाही. बाई म्हणतात आयुष्यात एवढ्या हसल्या नसतील कधी. तिथे चौघींनी ठरवलं की म्हातारपणी परत अशाच एकत्र राहायचं.

पण तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या, कुणाचे गुडघे दुखत नव्हते आणि खोली कुणाच्याच मालकीची नव्हती. हे आताचं घर ठरवताना कुणी बोललं नाही, मी पण नाही.

पुढे ३८ वर्षं नोकरी. पहिली दहा-अकरा वर्षं एकशिक्षकी शाळा, खडू-फळा मोहीम आली तेव्हा कुठे दुसरे शिक्षक मिळाले. जनगणना चार वेळा केली, इलेक्शन ड्युटी मोजत नाहीत त्या. पल्स पोलिओच्या वेळी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबरोबर वाड्यावस्त्या फिरल्या आणि त्या सिस्टरशी मैत्री झाली, त्या पण या प्रकरणात आहेत. २०१४ ला मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, २०१९ ला गेले. साताऱ्यात स्वतःचं घर, खाली तीन खोल्या, वर दोन, वर जायला बाहेरून जिना. मुलगा एकच, पुण्यात वाकडला, सॉफ्टवेअरमध्ये.

पैशाचं म्हणाल तर बाईंची अवस्था बरी. रिटायरमेंटला पेन्शन विकली होती ४० टक्के, म्हणजे तेवढ्या भागाचे एकरकमी पैसे आधीच घेतले होते, ती कपात १५ वर्षांनी म्हणजे २०२९ ला थांबेल. कपात जाऊन हातात साधारण ३६ हजार यायचे. फंड-ग्रॅच्युइटीतला मोठा भाग मुलाच्या फ्लॅटला गेला, उरलेले आणि मिस्टरांचे मिळून १५ लाख २०२३ च्या ऑगस्टमध्ये पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले, ८.२ टक्क्यांनी, तिमाहीला ३०,७५० व्याज. हे पंधराचे पंधरा लाख एकाच खात्यात टाकले हे लक्षात ठेवा.

अडचण

मिस्टर गेल्यावर कोविडच्या काळात बाई मुलाकडे १४ महिने राहिल्या. भांडण वगैरे काही नाही, सून चांगली आहे. पण अकराव्या मजल्यावर दिवसभर दार बंद, सोसायटीत ओळखी सगळ्या नातवाच्या वयाच्या पोरांच्या आयांशी, आणि कुठलीही वस्तू घ्यायची तर ॲपवरून. साताऱ्यात भाजी आणायला गेलं की तीन जण थांबवून "बाई, ओळखलं का?" म्हणतात, एवढाच फरक, पण ज्या माणसाने ३८ वर्षं तेच ऐकलंय त्याला तो लहान वाटत नाही. परत आल्या.

मग २०२३ च्या दिवाळीआधी सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला. मनगट मोडलं. वाईट हे की दार आत उघडणारं होतं आणि बाई दारामागेच पडल्या, त्यामुळे दूधवाल्याने हाका ऐकून शेजाऱ्यांना बोलावलं तरी दार ढकलता येईना. शेवटी बिजागऱ्या काढल्या. तीन तास गेले.

मुलगा रातोरात आला. त्याचं म्हणणं तीन वाक्यात सांगतो. आई, एकटं राहायचं नाही. पुण्याला चल. आणि घर माझ्या नावावर बक्षीसपत्र करून दे म्हणजे मला ते भाड्याने देता येईल, मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये लागते. स्थानिक अधिभार वेगळा लागतो हे त्याला माहीत नव्हतं, ते असो. लोभ म्हणून नव्हतं हे, त्याला खरंच भीती वाटली होती, मी त्याला लहानपणापासून बघतोय.

बाईंना दोन्ही नको होतं. त्यांनी हात गळ्यात अडकवलेला असतानाच डाव्या हाताने फोन लावायला सुरुवात केली, मेढ्याच्या खोलीतल्या मैत्रिणींना.

समोर काय काय पर्याय होते

चौघींतली एक कोविडमध्ये गेली होती. उरल्या दोन. एक वाईच्या मॅडम, नंतर बी.एड. करून हायस्कूलला गेल्या, विधवा, मूलबाळ नाही, पुतण्याचा डोळा घरावर. दुसऱ्या काकू, त्यांचे मिस्टर पण शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, दोघांनाही पेन्शन, मुलगी कोल्हापूरला. आणि सिस्टर, लग्न केलेलं नाही, या सगळ्यात लहान, तेव्हा ६४ च्या. सगळ्यांना कल्पना आवडली पण कशी करायची यावर जानेवारी २०२४ पासून पाच-सहा बैठका झाल्या, मी हिशोबाला.

पहिला पर्याय पुणे-तळेगावकडचे ज्येष्ठांचे प्रकल्प. जाऊन बघून आलो, सुंदर होतं, रुंद दारं, डॉक्टर, मेस. आम्हाला सांगितलेला आकडा एका छोट्या फ्लॅटला ६० लाखांच्या वर आणि महिन्याचा मेंटेनन्स, जेवण वेगळं. घर विकल्याशिवाय एकीलाही जमणार नव्हतं. मॅडम परत येताना गाडीत म्हणाल्या, "छान आहे गं, पण तिथे सगळेच म्हातारे." आपण कोण हे त्या क्षणी विसरल्या होत्या.

दुसरा, वृद्धाश्रम. जवळपासचे दोन पाहिले. तीन लाख डिपॉझिट, महिन्याला १२ ते १५ हजार. परवडत होतं. सिस्टरने आत जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीच्या जखमा बघितल्या, बाहेर आल्या आणि नको एवढंच म्हणाल्या. शिवाय आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटलं की पोरांची बदनामी, काकूंची मुलगी फोनवर रडलीच.

तिसरा, बाईंनी एकटं राहायचं आणि चोवीस तास बाई ठेवायची. हे मुलाला मान्य होतं, बाईंना नाही. चौथा, सगळ्यांनी पैसे घालून एक घर विकत घ्यायचं. हा मीच मोडून काढला, कारण पाच जणांच्या नावावरची मालमत्ता म्हणजे पुढे पाच जणांचे वारस, आणि मॅडमचा पुतण्या आधीच वाट बघत बसलेला.

पाचवा पर्याय बाईंचंच घर. हाच घेतला.

पहिला मोठा निर्णय: कागद कसा करायचा

बक्षीसपत्र आधी करून मग बाकीच्यांना ठेवायचं असं मुलगा म्हणत होता. मी बाईंना समजावलं की २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी ती अट असावी लागते, नुसतं प्रेमाने लिहून दिलं तर पुढे भांडत बसावं लागतं. बाई म्हणाल्या, मुलाविरुद्ध प्रांत ऑफिसला जायची वेळ आली तर कायदा जिंकून काय करू. म्हणून बक्षीसपत्र नाहीच, त्याऐवजी मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण आम्ही केली. घर मुलाला, मात्र बाई गेल्या तर राहणाऱ्यांना सहा महिने मुदत.

राहणाऱ्यांशी लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार. बाई म्हणत होत्या, मैत्रिणींशी कसला करार, लाज वाटते. इथे मुलगा अडून बसला आणि त्याचं बरोबर होतं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. बाईंना तीन वर्षांचा करायचा होता, मुलाला अकरा महिन्यांचा. शेवटी मुलाच्या मनासारखं झालं. त्याने ही अट अविश्वासातून घातली होती आणि सगळ्यांना राग आला होता, पण पुढे सगळ्यांना सुटायला तोच अकरा महिन्यांचा आकडा उपयोगी पडला.

ऑनलाइन नोंदणीला अंगठे लावताना दोन तास गेले. मॅडमचा एक पण अंगठा मशीन घेईना, आयुष्यभर खडू धरून बोटं गुळगुळीत झालीत असं त्या म्हणाल्या. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याला पण हेच होतं दरवर्षी, जिवंत माणूस समोर बसलेला आणि मशीन नाही म्हणतं.

काय केलं

जागा दुरुस्त करून घेतली. महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष काढलेत, व्हीलचेअर जाईल एवढी रुंद दारं, न घसरणारी फरशी, धरायला दांडे वगैरे. ते बिल्डरांसाठी आहेत, आपल्या घराला लागू नाहीत, पण मी प्रिंट काढून मिस्त्रीच्या हातात दिली. तो हसला, म्हणाला दार ९०० मिलिमीटर करायला बीम तोडावा लागेल. दार अडीच फुटीच राहिलं पण बाहेर उघडणारं केलं आणि आतली कडी काढून बाहेरून पण उघडता येईल असं लॉक बसवलं. सगळ्या खर्चात हेच सगळ्यात स्वस्त आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं काम. कमोड, दांडे, जिन्याला दुसऱ्या बाजूने पण रेलिंग, इन्व्हर्टर, सगळं मिळून दोन लाख ८० हजार.

हे पैसे आले डिपॉझिटमधून. गुरुजी-काकूंचे दीड लाख, मॅडमचा एक लाख, सिस्टरचे ५० हजार. तीन लाख. करारात लिहिलं "परत करण्यायोग्य अनामत रक्कम", आणि रक्कम गेली फरशीत. हे मी केलं. रोज लोकांना सांगतो की दुसऱ्याचे पैसे वेगळे ठेवा, आणि इथे स्वतः कोरडा पाषाण.

२०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, सगळे राहायला आले. बाई आणि मॅडम खाली, सिस्टर वर एका खोलीत, गुरुजी-काकू वरच्या मोठ्या खोलीत कारण तिला लागून बाथरूम होतं. लायसन्स फी मॅडम आणि सिस्टर तीन-तीन हजार, जोडप्याचे पाच. (बाईंना टॅक्सची काळजी होती, पण भाड्यातून ३० टक्के वजावट जाऊन आणि नव्या पद्धतीने रिटर्न भरून टॅक्स शून्यच आला.) महिन्याचा घरखर्च: स्वयंपाकाच्या मावशी ९ हजार, भांडी-कपडे-लादी ४ हजार, किराणा भाजी दूध गॅस साडेसतरा, लाइट-पाणी-केबल साडेतीन. ३४ हजार, भागिले पाच, डोई ६,८०० रुपये. शिवाय प्रत्येकी हजार रुपयांची भिशी, अडीअडचणीला, दोघींच्या सहीच्या खात्यात. या पैशात एकटं राहून कुणी एवढं नीट जेवत नव्हतं हे सगळ्यांनी मान्य केलं.

नव्याचे नऊ दिवस नाही, चांगला महिनाभर छान गेला.

कुरबुरी

पहिली स्वयंपाकघराची. बाईंच्या ओट्यावर कधी अंडं शिजलेलं नाही, आणि गुरुजींना रविवारी मटण पाहिजे, गुरुजी सोडा, सिस्टरला सुकटीची चटणी नसेल तर जेवण जात नाही. बाई तोंडाने "मला काही नाही" म्हणायच्या आणि सोमवारी ओटा तीनदा घासायच्या. काकू ते बघायच्या. शेवटी मागच्या पडवीत दुसरी शेगडी आणि वेगळी भांडी ठेवली, वास आला तर खिडकी लावायची, बोलायचं नाही. आमच्या ओळखीत असं घर करायचं कुणी म्हटलं की मी पहिला प्रश्न शेगड्या किती हाच विचारतो, लोक हसतात.

दुसरी जास्त खोल. बाईंनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. चहा ६.३०, फिरणं ७, पेपर वाचन, जेवण १२.३०, रात्री ९.३० ला टीव्ही बंद. पंधरा दिवस सगळ्यांनी पाळलं आणि मग मॅडमनी तो कागद काढून घडी करून बाईंच्या हातात दिला. "अगं, आम्ही पण रिटायर झालोय. तू आता मुख्याध्यापिका नाहीस." बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. घर त्यांचं, त्यामुळे त्यांनी सूचना केली तरी ती ऑर्डर वाटायची, हे त्यांना कळत नव्हतं, आणि बाकीच्यांना बोलायची चोरी. मेढ्याच्या खोलीत चौघी सारख्याच भाडेकरू होत्या ना. मग महिन्याची बैठक ठरली, अध्यक्ष आळीपाळीने, इतिवृत्त मॅडमनी लिहायचं, आणि बाईंना घराच्या दुरुस्तीशिवाय जास्तीचा अधिकार नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो पण त्या वहीने बऱ्याच गोष्टी निवळल्या.

तिसरी सिस्टरची. कुणाला गॅसेस झाले तरी रात्री एक वाजता सिस्टरचं दार. शेजारपाजारचे पण बीपी मोजायला यायला लागले. सिस्टर ३० वर्षं तेच करून आलेल्या, त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी बैठकीत सांगितलं की मी इथे म्हातारी व्हायला आलेय, ड्युटीवर नाही, असंच चाललं तर मी जाते. सगळे गप्प. नियम झाला: रात्री खरंच गंभीर वाटलं तर आधी १०८ ला फोन, मग सिस्टरला उठवायचं, आणि बाकी सगळं सकाळी. सत्तरीच्या वरच्यांची आयुष्मानची ५ लाखांची वय वंदना कार्डं मी काढून आणली, ती कार्डं आणि रिपोर्ट एकाच डब्यात, टीव्हीखाली.

या नियमाची दुसरी बाजू कुणाच्या लक्षात आली नाही.

मार्च २०२५

गुरुजी तेव्हा ७४. एका सकाळी काकू उठल्या तर शेजारी गुरुजी नाहीत. फिरायला गेले असतील म्हणून साडेआठपर्यंत वाट बघितली. मग धावपळ. पोवई नाका, राजवाडा, सगळीकडे. साडेदहाला मेढ्याहून फोन आला, एसटी स्टँडच्या कंट्रोलरचा. गुरुजींनी सातारा स्टँडवर मेढ्याची गाडी पकडली होती, ज्येष्ठांचं अर्धं तिकीट काढलं, कंडक्टरला काही संशय नाही. मेढ्याला उतरून ते बाकावर बसून राहिले आणि जो येईल त्याला विचारायला लागले की शाळेकडे जाणारी गाडी गेली का, उशीर झालाय. पिशवीत टॉवेल आणि बँकेचं पासबुक, पासबुकाच्या मागे काकूंनी कधीतरी नंबर लिहिलेला. तो नसता तर काय, हे आम्ही अजून बोलत नाही.

परत आणल्यावर जे बाहेर आलं ते असं. काकूंना दीड वर्षापासून माहीत होतं. आधी सहीला अडायचे, मग एकच गोष्ट चारदा. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात सांगितली होती. काकू बोलल्या नाहीत कारण बोललं असतं तर तुम्ही आम्हाला घेतलं नसतं, आणि मुलीकडे जायचं नव्हतं. आणि सिस्टरला दुसऱ्या महिन्यातच शंका आली होती, गुरुजी शेगडीचं बटण चालू करून विसरायचे. त्या पण बोलल्या नाहीत. बैठकीत म्हणाल्या, "मी बोलले असते तर परत मीच नर्स झाले असते." मला त्यांचा राग आला नाही. आम्ही सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता, बीपी, शुगर, गोळ्या, ऑपरेशन. विसरण्याबद्दल एक ओळ नव्हती त्यात.

मग प्रश्न पडला पुढे काय. कराराप्रमाणे बाई महिन्याची नोटीस देऊन जा म्हणू शकत होत्या. मुलाने तेच सांगितलं. मॅडमचं म्हणणं गेटला रात्री कुलूप घाला. सिस्टर त्याला एकदम विरुद्ध, आग लागली तर पाचही जण आत. मुलगी म्हणाली मी उद्या नेते. काकू काही बोलल्याच नाहीत, गुरुजी पेपर वाचत बसले होते, कदाचित तोच पेपर परत.

ठरलं ते असं की सप्टेंबरला करार संपतोय, तोपर्यंत प्रयत्न करायचा. खोली वरून खाली बदलली, मॅडम वर गेल्या, कुरकुर न करता, हे मला अपेक्षित नव्हतं. दाराला उघडलं की वाजणारं साधं मॅग्नेटवालं अलार्म लावलं, काही शे रुपयांचं. गळ्यात ओळखपत्र, मागे तीन नंबर. जीपीएसचं घड्याळ मुलीने आणलं होतं पण गुरुजी ते काढून उशीखाली ठेवायचे, त्यामुळे उशी कुठे आहे ते बरोबर कळायचं. रात्रीपाळीला माणूस ठेवला, १६ हजार महिना, काकूंच्या खर्चाने.

पहिला माणूस पाच आठवड्यांत गेला. दुसरा मोबाइल बघत बसायचा. अलार्म रात्री तीन-चारदा वाजायचं आणि पाचही जण जागे. जुलैमध्ये मॅडमचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी झोप विचारली. ऑगस्टच्या बैठकीला काकूच अध्यक्ष होत्या, त्यांनी स्वतःच विषय मांडला की नवीन करारात आमचं नाव धरू नका. इतिवृत्तात मॅडमनी एवढंच लिहिलंय: विषय क्रमांक एक मंजूर.

निकाल

सप्टेंबर २०२५ मध्ये गुरुजी-काकू कोल्हापूरला गेले. आणि दीड लाख परत द्यायचे होते.

भिशीत ११ महिन्यांचे ५५ हजार, त्यातले काही मार्चच्या धावपळीत आणि मॅडमच्या तपासण्यांत गेले, उरले ३८. बाईंचे १५ लाख पोस्टात, पण त्या खात्यातून थोडे काढता येत नाहीत, सगळं बंद करावं लागतं आणि दोन वर्षं पूर्ण झाली असली तरी एक टक्का कापतात, म्हणजे दीड लाखासाठी १५ हजारांचं पाणी. पाच-पाच लाखांची तीन खाती केली असती तर एक मोडून पाच हजारात भागलं असतं. खातं उघडायला मीच गेलो होतो बरोबर, आणि एकच फॉर्म भरायचा म्हणून बरं वाटलं होतं.

शेवटी मुलाने लाख रुपये दिले. ज्याने करार अकरा महिन्यांचा करायला लावला त्यानेच. एक वर्षाच्या बोलीवर, कागदावर लिहून घेऊन, आईकडून. बाईंनी सही करताना मला डोळा मारला. उरलेले बाईंनी पेन्शनमधून. काकूंनी भिशीतला वाटा सोडून दिला.

आता घरात तिघी. मावशींनी समजून घेतलं, साडेसात हजारांवर आल्या, भांड्यांच्या बाई साडेतीन, किराणा वगैरे साडेअकरा, लाइट-पाणी तीन. २५,५०० भागिले तीन, ८,५०० डोई. चालतंय, पण एक जागा भरली पाहिजे. काकूंचा रोज रात्री फोन येतो, स्पीकरवर, गुरुजी मध्येच बाईंना विचारतात शाळा कशी चाललीय, बाई पट सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

डिपॉझिट कमी घ्यायला हवं होतं, दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढं, आणि ते एफडीत बाजूला. दुरुस्ती बाईंच्या पैशातून व्हायला हवी होती, कारण वाढलेली किंमत बाईंच्याच घराची. हे आता सरळ दिसतं, तेव्हा सगळे इतके उत्साहात होते की दुरुस्ती "आपल्या घराची" वाटत होती.

आजाराबद्दल विचारताना कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाला पण विचारायला हवं होतं, काकूंच्या मुलीला अर्धंमुर्धं माहीत होतं. पण यात एक अडचण आहे आणि ती मला अजून सुटलेली नाही. खरं सांगितलं की प्रवेश नाही, असं असेल तर कोण खरं सांगेल? म्हणून आता फॉर्मवरच लिहिलंय की आजार सांगितला म्हणून नाकारणार नाही, पण रात्रीचा माणूस लागला तर तो किती महिने चालवायचा आणि नाही जमलं तर पुढे काय, हे आधी बोलू. त्याने फरक पडेल का बघू.

एकदम अकरा महिने करण्यापेक्षा आधी १५ दिवस राहून बघायचं, दिवसाच्या हिशोबाने. सध्या एक रिटायर अंगणवाडी सेविका तशा राहून गेल्या, बाई आणि सिस्टरला पसंत, मॅडम म्हणाल्या घोरते. एका विधुर क्लार्कांचा पण निरोप आलाय, त्यावर तिघींची दोन बैठका चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत.

आणि फॉर्मचा पहिला रकाना मॅडमनी बदलला. आधी तिथे नाव होतं, आता नावाच्या वर एक ओळ आहे: इथून जावं लागलं तर कुठे जाणार. तिघींनी आपापले नवीन फॉर्म भरले, मालकीण म्हणून बाईंना भरायची गरज नव्हती, त्यांनी पण घेतला. त्या ओळीवर पेन बराच वेळ धरून मग लिहिलं, वाकड, मुलगा, आणि पुढे कंसात, अकरावा मजला.